लकव्याचा पेशंट आणि सोनोग्राफी: कोणती तपासणी कधी आणि कशी करून घ्यायची

मागच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, सोलापूरच्या पूर्व भागातला एक मुलगा आईला रिक्षात बसवून थेट माझ्या सोनोग्राफी सेंटरच्या दारात आला. आईचा उजवा हात मांडीवर नुसता पडलेला, तोंड डावीकडे ओढलेलं, बोलायला गेली की एकच शब्द पुन्हा पुन्हा. विड्या वळता वळताच झटका आला होता, बोटांना अजून तंबाखूचा वास होता. मुलाच्या हातात चिठ्ठी होती, ‘मानेचा डॉपलर’, म्हणजे मानेतल्या नसांतून रक्त कसं वाहतं ते बघणारी सोनोग्राफी. झटका येऊन सव्वा तास झाला होता आणि त्यातली पस्तीस मिनिटं या चिठ्ठीपायी गेली होती. मी डॉपलर केला नाही. सीटीची सोय असलेल्या हॉस्पिटलला फोन लावला आणि आमच्या सिस्टरला सोबत देऊन त्याच रिक्षाने त्यांना पुढे पाठवलं.

ही एका टोकाची चूक. दुसऱ्या टोकाची चूक करणारे त्याहून जास्त येतात. झटका येऊन गेला, हात-पाय थोडे सुधारले, पेशंट घरी गेला आणि डिस्चार्ज कार्डावर लिहिलेला मानेचा डॉपलर दोन महिन्यांनी, ‘आता ज्वारीची काढणी उरकली’ म्हणून करायला आले. तेव्हा मला मानेत ८० टक्के अडथळा दिसतो, पण त्याचा पुरेपूर फायदा घ्यायची वेळ निघून गेलेली असते.

मेंदूच्या झटक्यात सोनोग्राफी लागते, आणि एक नाही, चार-पाच प्रकारची लागते. मानेची, हृदयाची, पायाची, लघवीच्या पिशवीची. पण प्रत्येकीची वेळ ठरलेली आहे. त्या वेळेनुसारच खालचे टप्पे मांडले आहेत.

टप्पा १: पहिले काही तास. इथे सोनोग्राफी नाही

झटका दोन प्रकारचा असतो. एकात मेंदूची नस गुठळीने बंद होते, दुसऱ्यात नस फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात आणि उपचार मात्र एकमेकांच्या उलट आहेत. हा फरक सीटी स्कॅन काही मिनिटांत सांगतो. मोठ्या माणसाची कवटी सोनोग्राफीच्या लहरी अडवते, त्यामुळे हा फरक माझ्या मशीनवर खात्रीने कळत नाही. मानेचा डॉपलर अगदी नॉर्मल आला तरी मेंदूत रक्तस्राव असू शकतो.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटक्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. जितकं लवकर, तितका फायदा जास्त. मोठी नस बंद असेल तर जांघेतून तार घालून गुठळी काढता येते. ते साधारण सहा तासांत करतात, निवडक पेशंटमध्ये चोवीस तासांपर्यंत. म्हणून क्रम असा ठेवा:

१. वेळ लिहून घ्या. झटका दिसला ती वेळ नव्हे, माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती. रात्रपाळी करून पहाटे झोपलेला यंत्रमाग कामगार दुपारी उठला तेव्हा हात लुळा, तर घड्याळ पहाटेपासून धरायचं. ‘आत्ताच झालं हो’ हे सगळे सांगतात, आणि याच एका वाक्यावर इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरतं. खोटं नका सांगू, अंदाजही नका सांगू.

२. १०८ ला आणि हॉस्पिटलला फोन करा. तीन गोष्टी विचारा: सीटी मशीन आत्ता चालू आहे का, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे का, ते देणारे डॉक्टर आत्ता हजर आहेत का. सिव्हिल असो की खासगी, प्रश्न हेच. पंढरपूर, बार्शीकडून निघणाऱ्यांनी हे घरातूनच विचारावं, कारण सोलापूर तिथून सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. वाटेत जवळ ही तिन्ही उत्तरं ‘हो’ मिळत असतील, तर सोलापूरचा हट्ट धरू नका. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत होम मैदान आणि सिद्धेश्वर मंदिराकडचे रस्ते टाळून जा, ड्रायव्हर बाहेरगावचा असेल तर त्याला आधीच सांगा.

३. गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका. विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर शेवटची कधी घेतली ते सांगा. वाचता येत नसलं तरी रिकामी पाकिटं घेऊन या.

४. तोंडात काही घालू नका. साखरपाणी नाही, चहा नाही, बीपीची गोळी नाही, ‘रक्त पातळ होईल’ म्हणून अॅस्पिरिनही नाही. गिळता येत नसेल तर घोट फुप्फुसात जातो. आणि सीटीच्या आधी रक्त पातळ करणं म्हणजे रक्तस्राव असेल तर त्यात भर घालणं.

सावधान: ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून आधी तेल चोळायला किंवा लकव्याच्या औषधाच्या गावाला नेलं, तर हे साडेचार तास रस्त्यातच संपतात. मालिश, व्यायाम सगळं पुढे आहे, आणि तेही डॉक्टरांना विचारून. आधी सीटी.

इथे तपासा: सीटीच्या आधी कोणी मानेचा डॉपलर किंवा इको (हृदयाची सोनोग्राफी) लिहून बाहेर पाठवत असेल तर थांबून विचारा, ‘यामुळे आत्ताचा उपचार बदलणार आहे का?’

टप्पा २: सीटी झाल्यावर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा

पेशंट भरती झाला, पहिला उपचार सुरू झाला. आता सोनोग्राफीची वेळ आली, पण कोणती, ते या उत्तरांवर ठरतं.

१. गुठळी आहे की रक्तस्राव? मानेचा डॉपलर हा मुख्यतः गुठळीच्या झटक्यासाठी आहे. बीपी वाढून नस फुटलेल्या पेशंटमध्ये त्यातून फारसं हाती लागत नाही.

२. मेंदूच्या कोणत्या बाजूला? डावा मेंदू शरीराची उजवी बाजू चालवतो. उजवा हात गेला असेल तर आमचं लक्ष डाव्या मानेवर असतं. ‘मॅडम, उजवा हात गेलाय, तुम्ही डावीकडेच काय बघत बसलाय?’ हे मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. तपासणी दोन्ही बाजूंची होते, पण दोषी बाजू कोणती ते आधी माहीत असलं की रिपोर्टला अर्थ येतो.

३. मानेची सीटी अँजिओग्राफी, म्हणजे नसा दाखवणारा सीटी, आधीच झाली आहे का? झाली असेल आणि तिच्यात मानेच्या नसा स्वच्छ दिसल्या असतील, तर लगेच डॉपलर करायची बहुतेक वेळा गरज नसते. एकाच प्रश्नासाठी दोनदा पैसे भरू नका.

झटका बारीक असेल, किंवा तासाभरात हात-पाय परत आले असतील, तर बरेच जण ‘गेला बाबा एकदाचा’ म्हणून घरी जातात. खरी घाई याच पेशंटची असते. तात्पुरत्या झटक्यानंतर मोठा झटका यायचा धोका पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त असतो. मानेचा डॉपलर यांना आजच्या आज, फार तर उद्या.

टप्पा ३: मानेच्या डॉपलरची तयारी

उपाशी राहावं लागत नाही. हे ठळक सांगते, कारण ‘सोनोग्राफी’ म्हटलं की लोक सकाळपासून पेशंटला उपाशी ठेवून आणतात. पोटाची सोनोग्राफी वेगळी, ही वेगळी. मधुमेही पेशंट उपाशी राहिला, शुगर खाली आली, तर त्यानेही झटक्यासारखी लक्षणं दिसतात आणि सगळा घोळ होतो. लघवी भरून ठेवायचीही गरज नाही. नेहमीच्या गोळ्या वॉर्डातल्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे चालू ठेवा.

निघण्याआधी एवढं करा:

- गळ्यातलं मंगळसूत्र, बोरमाळ, चेन, ताईत काढून घरच्या माणसाच्या ताब्यात द्या. मंगळसूत्र काढायला बायका कचरतात, मी समजू शकते. पुढून वर सरकवून केसांत अडकवलं तरी भागतं, पण जबड्यापासून गळ्याच्या हाडापर्यंत मान मोकळी हवी.
- बंद गळ्याचा शर्ट किंवा स्वेटर नको. पुढून बटणं असलेला, सैल.
- मानेत सुई किंवा सेंट्रल लाइन असेल तर वॉर्डातून आधी फोन करून सांगा. त्या बाजूला कशी जागा काढायची ते मला ठरवू द्या.
- सीटी किंवा एमआरआयचा रिपोर्ट, ईसीजी, जुना डॉपलर असेल तर तोही. फिल्म नसली तरी चालेल, रिपोर्टचा कागद पाहिजेच.
- पेशंट कुठल्या भाषेत जास्त समजतो ते सांगा. आपल्या सोलापुरात बरीच घरं घरात तेलुगू किंवा कन्नड बोलतात. झटक्यानंतर काही जणांना आईची भाषाच तेवढी कळते, बाहेरची मराठी कळत नाही. ती भाषा बोलणारं एक माणूस सोबत आत यावं.

सावधान: खाटेवरून ट्रॉलीवर, ट्रॉलीवरून टेबलावर घेताना लुळ्या हाताला धरून ओढू नका. खांद्याचे स्नायू ढिले झालेले असतात, सांधा खाली सरकतो आणि ते दुखणं झटक्याहून जास्त दिवस टिकतं. हात पोटावर ठेवा, खांदा आणि कंबर धरून चादरीसकट सरकवा. चादरीला चार माणसं, आणि ‘एक-दोन-तीन’ म्हणणारा एकच.

मशीन वॉर्डात किंवा घरी आणा, असा आग्रह बरेच जण धरतात. सोनोग्राफी मशीन पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली नोंदवलेलं असतं आणि ठरलेल्या जागेबाहेर ते नेता येत नाही. ज्या हॉस्पिटलने आपल्याच आवारासाठी पोर्टेबल मशीन नोंदवलं आहे, तिथे ते वॉर्डातल्या खाटेशी येऊ शकतं. माझ्या सेंटरवरचं मशीन तुमच्या घरी येणार नाही, आणलं तर गुन्हा माझ्यावर आणि तपासणी तुमची अर्धवट. म्हणून ही तपासणी भरती असतानाच, ज्या हॉस्पिटलात पेशंट आहे तिथेच करून घ्या.

टप्पा ४: टेबलावर वीस ते तीस मिनिटं

१. पेशंट उताणा, उशी काढलेली किंवा खांद्याखाली सरकवलेली, मान तपासायच्या बाजूच्या विरुद्ध वळवलेली. उजव्या मेंदूचा झटका असलेले काही पेशंट डावीकडे बघतच नाहीत, त्यांच्या लेखी डावी बाजू अस्तित्वातच नसते. त्यांना मान डावीकडे वळवा म्हणून दहा वेळा सांगून उपयोग नाही. घरच्या माणसाने डाव्या कुशीला उभं राहून हाक मारावी आणि हनुवटी हलक्या हाताने वळवावी. जोर लावू नये.

२. जेल लावून गळ्याच्या हाडापासून जबड्यापर्यंत प्रोब, म्हणजे मशीनचा हातात धरायचा भाग, फिरतो. आधी आडवा, मग उभा. मुख्य नस, तिचा फुगीर दुभाग, मेंदूकडे जाणारी आतली फांदी, चेहऱ्याकडे जाणारी बाहेरची फांदी, आणि मणक्यांमधून वर जाणारी मागची नस. दोन्ही बाजू.

३. मधेच मशीनमधून ‘हुश्श हुश्श’ आवाज येतो. तो रक्ताच्या वेगाचा आवाज आहे. घाबरू नका.

४. ‘बोलू नका, गिळू नका’ असं मी सांगते तेव्हा एक गिळणं आवरलं तरी माझी पाच मिनिटं वाचतात. पेशंटला शब्द कळत नसतील तर त्याच्या चांगल्या हातावर आपला हात ठेवून दाबा, सोडा, दाबा. स्पर्शाची भाषा बहुतेकांना कळते.

नव्याने डॉपलर शिकणाऱ्यांसाठी इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त रिपोर्ट इथेच चुकतात. वेग मोजताना प्रोबची लहर आणि रक्ताचा प्रवाह यांच्यातला कोन ६० अंश किंवा त्याहून कमी हवा, आणि पडद्यावरची कोनाची रेघ नसेच्या भिंतीला समांतर हवी. खरा कोन ६० अंश असताना रेघ ७० वर राहिली, तर सेकंदाला १०० सेंटिमीटरचा वेग मशीन १४६ दाखवतं. म्हणजे धड नसेला ५० टक्क्यांचा अडथळा चिकटला. पेशंट घाबरतो, अँजिओग्राफी होते, त्यात काही निघत नाही. रेघ लावायची घाई करू नका. नस वाकडी असेल तर जिथे सरळ आहे तिथे मोजा, आणि अडथळा वाकणातच असेल तर तसं रिपोर्टमध्ये लिहा. ठोके अनियमित असतील, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन असेल, तर एका ठोक्यावर आकडा लिहू नका. अनेक ठोक्यांची सरासरी घ्या.

आतली फांदी समजून बाहेरची मोजणं ही दुसरी नेहमीची चूक. कानापुढच्या नसेवर बोटाने टकटक करा. पडद्यावर लहरी थरथरल्या तर ती बाहेरची.

इथे तपासा: टेबलावरून उतरण्याआधी विचारा, ‘दोन्ही बाजूंच्या आतल्या नसा पूर्ण दिसल्या का?’ मान आखूड असेल, दुभाग जबड्याखाली उंच असेल किंवा नसेच्या भिंतीवर साठलेल्या थरात कॅल्शियम साठून पुढे सावली पडत असेल, तर काही भाग दिसत नाही. न दिसलेला भाग म्हणजे नॉर्मल भाग नव्हे. तसं रिपोर्टमध्ये लिहून घ्या.

टप्पा ५: रिपोर्ट हातात आल्यावर

शेवटच्या ओळीवरच्या टक्क्यांकडेच सगळ्यांचं लक्ष जातं. त्याआधी पीएसव्ही, म्हणजे ठोक्याच्या वेळचा सर्वांत जास्त वेग, बघा. आतल्या नसेत:

- सेकंदाला १२५ सेंटिमीटरपेक्षा कमी: अडथळा ५० टक्क्यांपेक्षा कमी.
- १२५ ते २३०: ५० ते ६९ टक्के.
- २३० च्या वर: ७० टक्के किंवा जास्त.

या आकड्यांच्या जोडीला आतली आणि मुख्य नस यांच्या वेगाचं गुणोत्तर आणि चित्रातला थर बघूनच टक्के ठरतात. ‘प्लाक (म्हणजे हाच थर) आहे’ एवढ्या शब्दाने रडारड करू नका. साठी ओलांडलेल्या, बीपी-शुगर असलेल्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या मानेत थर सापडणं नेहमीचं आहे. ५० टक्क्यांखाली औषधं, आणि तंबाखू बंद. विडी, मिस्री, मावा, सगळं तंबाखूच.

महत्त्वाचं असतं ते ७० ते ९९ टक्के, आणि तेही झटका ज्या बाजूच्या मेंदूत आला त्याच बाजूच्या नसेत. झटका बारीक असेल तर नस उघडून थर काढण्याच्या ऑपरेशनचा किंवा स्टेंटचा विचार दोन आठवड्यांच्या आत व्हायला हवा, तेव्हा फायदा सर्वांत जास्त. मेंदूचा मोठा भाग गेला असेल तर सर्जन थांबतात, ते त्यांना ठरवू द्या. ५० ते ६९ टक्क्यांत पेशंट बघून निर्णय होतो. असा रिपोर्ट आला की त्याच दिवशी वॉर्डातल्या डॉक्टरांच्या हातात द्या. उशीखाली ठेवू नका. मी स्वतः फोन करते, तरी कागद हातात पडल्याशिवाय काम हलत नाही. ऑपरेशन ठरवण्याआधी सीटी किंवा एमआर अँजिओग्राफीने बहुधा खात्री करतात. त्याला ‘पुन्हा पैसे काढतात’ म्हणू नका, कापण्याआधीची ती दुसरी नजर आहे.

लोकांना न पटणाऱ्या दोन गोष्टी:

शंभर टक्के बंद नस सहसा उघडत नाहीत. ‘८० टक्क्याचं ऑपरेशन करता आणि १०० टक्क्याचं नाही?’ असं चिडून विचारतात. पूर्ण बंद नसेतून गुठळीचे तुकडे वर जायचा रस्ताही बहुतेक बंद झालेला असतो, आणि ती उघडायला जाण्यात धोका जास्त.

आणि जवळजवळ बंद नसेत वेग कमी दिसू शकतो. पाइप इतका चिंचोळा की पाणीच थेंबथेंब. आकडा १२५ च्या खाली, पण नस धोक्यात. म्हणून नुसता आकडा वाचून घरी निघू नका, चित्र आणि शेवटचा अभिप्राय वाचून घ्या.

सावधान: चक्कर, तोल जाणं, एकाचे दोन दिसणं, गिळायला त्रास, अशी सुरुवात असेल तर झटका मेंदूच्या मागच्या भागातला असू शकतो. तिथल्या नसा मणक्याच्या हाडांतून जातात, डॉपलरला तुकड्या-तुकड्याने दिसतात. मानेचा डॉपलर नॉर्मल आला म्हणून ‘चक्कर साधी होती’ असं समजू नका. मागच्या नसेत रक्त उलट्या दिशेने वाहत असल्याचं रिपोर्टमध्ये आलं, तर दोन्ही हातांचं बीपी मोजून घ्या. एका हातात ठळक कमी असेल तर त्या हाताकडे जाणारी नस अरुंद असल्याची शक्यता असते.

टप्पा ६: हृदयाची सोनोग्राफी

गुठळी मानेतून आली नसेल तर हृदयातून आली असेल, हा पुढचा प्रश्न. छातीवरून होणाऱ्या टूडी इकोला तयारी काही नाही, डाव्या कुशीवर वळवावं लागतं एवढंच. झडप अरुंद आहे का, डावा कप्पा मोठा आहे का, जुन्या हार्ट अटॅकने हृदयाचा कोपरा हलत नाही आणि तिथे गुठळी साठली आहे का, हे दिसतं. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, हे इकोवाल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा. संधिवाताच्या तापाने खराब झालेली झडप आपल्याकडे अजून सापडते, चाळिशीच्या बायकांतही.

इथली चूक ठरलेली. ‘इको नॉर्मल आला, म्हणजे हृदयाचं काही नाही.’ एट्रियल फिब्रिलेशन हा ठोक्यांचा आजार आहे, तो पकडायला ईसीजी आणि निदान चोवीस तासांचं मॉनिटर लागतं. आणि गुठळी बसते त्या डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यातली पिशवी छातीवरून नीट दिसत नाही. तिच्यासाठी घशातून नळी घालून इको करतात. त्याला मात्र सहा तास उपाशी राहावं लागतं, कवळी काढावी लागते, आणि गिळायला त्रास असेल तर आधी सांगावं लागतं. लकव्याच्या पेशंटला गिळायचा त्रास असतोच असं धरून चाला आणि विचारायची वाट पाहू नका.

पेशंट तरुण असेल आणि कारण सापडत नसेल तर ‘बबल टेस्ट’ करतात. सलाइनमध्ये थोडी हवा घुसळून, बारीक बुडबुडे करून हाताच्या नसेत सोडतात. नेहमीच्या माणसात ते फुप्फुसात अडकून जिरतात. हृदयाच्या पडद्यात भोक असेल तर डाव्या बाजूला दिसतात. ‘नसेत हवा सोडली’ म्हणून भांडायला आलेले नातेवाईक मी पाहिले आहेत, म्हणून लिहिते. या चाचणीत पेशंटने संडासला बसल्यासारखा जोर लावून मग एकदम सोडायचा असतो. वॉर्डात आदल्या संध्याकाळी दोन-चार वेळा सराव करून घ्या, टेबलावर ऐनवेळी जमत नाही.

टप्पा ७: कवटीतून होणारा डॉपलर

कानाच्या वर, कानशिलाचं हाड पातळ असतं. तिथून मेंदूतल्या मोठ्या नसांचा वेग मोजता येतो. ही सोय सगळीकडे नसते. मुख्य उपयोग मेंदूतल्या नसेवरचा फुगा फुटून झालेल्या रक्तस्रावानंतर, साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत, नसा आकसू लागल्या का ते रोज बघायला. वयस्कर बायकांत कानशिलाचं हाड जाड झाल्याने बऱ्याचदा काहीच दिसत नाही. ‘विंडो मिळाली नाही’ असं लिहून आलं तर त्यात पेशंटची किंवा डॉक्टरची चूक नाही, दुसरा मार्ग विचारा.

टप्पा ८: पाय आणि लघवी

पहिल्या आठवड्यात मेंदूच्या धामधुमीत या दोन गोष्टी विसरल्या जातात.

न हलणाऱ्या पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. पेशंटला दुखत नाही, कारण त्या पायाची जाणीवच गेलेली असते, किंवा दुखतं तरी सांगता येत नाही. म्हणून रोज अंग पुसताना दोन्ही पिंढऱ्या शेजारी ठेवून बघा. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली खूण करून शिंप्याच्या टेपने मापा. तीन सेंटिमीटरचा किंवा त्याहून जास्त फरक, एक पाय गरम, लालसर, चमकदार, यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी पायाच्या नसांचा डॉपलर.

तपासणी साधी आहे. जांघेपासून गुडघ्यामागपर्यंत ठिकठिकाणी प्रोबने नस दाबतो. निरोगी नस चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. पँट-पायजमा काढावा लागतो, लुंगी किंवा सैल गाऊन घालून आणा.

सावधान: सुजलेल्या पायाला तेल चोळू नका. करडईचं असो की एरंडेल, जोराने चोळलं तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. डॉपलर होईपर्यंत त्या पायाचं मालिश आणि फिजिओथेरपी थांबवून डॉक्टरांना विचारा. अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर डॉपलरच्या रांगेत उभं राहू नका, कॅज्युअल्टीत न्या.

पहिला डॉपलर नॉर्मल आला आणि सूज तशीच राहिली तर पाच ते सात दिवसांनी पुन्हा करा. पिंढरीतली बारीक गुठळी तेवढ्यात वर चढू शकते. आणखी एक: लांब घट्ट मोजे बांधले म्हणून निश्चिंत होऊ नका, त्यांनी झटक्याच्या पेशंटमध्ये गुठळ्या कमी होत नाहीत असं मोठ्या चाचण्यांत दिसून आलं आहे. हवेच्या दाबाने पाय दाबणाऱ्या पट्ट्या उपयोगी पडतात, त्या वॉर्डात आहेत का विचारा.

लघवीचं असं की झटक्यानंतर बऱ्याचदा पिशवी पूर्ण रिकामी होत नाही. लघवीची नळी काढल्यावर सोनोग्राफी करून किती उरलं ते मोजतात. इथे हटकून चुकतं ते हे: पेशंटला भरल्या लघवीने आणतात, तशीच तपासणी करून नेतात. लघवी करायला लावून, पाच-दहा मिनिटांत मोजायचं असतं. डायपरमध्ये झाली तरी चालेल, पण वेळ लिहा. बरंच उरत असेल तर थोड्या-थोड्या वेळाने नळीने काढून टाकायचं की कायमची नळी ठेवायची, ते डॉक्टर ठरवतील. नुसत्या ‘बिछाना ओला होतो’ या कारणासाठी नळी ठेवायचा आग्रह करू नका, तिच्यातून होणारा संसर्ग पेशंटला परत हॉस्पिटलात आणतो.

टप्पा ९: डिस्चार्जच्या दिवशी फाइल लावताना

डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवून कागद हरवणारी घरं खूप आहेत. एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये, वरून खाली या क्रमाने लावा: सीटीचा रिपोर्ट, मानेचा डॉपलर, इको, ईसीजी, पायाचा डॉपलर, चालू औषधांची यादी. महात्मा फुले जनआरोग्य योजनेखाली उपचार झाले असतील तर त्या कागदांची झेरॉक्सही त्यातच.

वॉर्ड सोडण्याआधी तीन तारखा कार्डावर लिहून घ्या. मानेचा डॉपलर राहिला असेल तर तो कधी, आणि ‘लवकर’ असं नाही, तारीख. न्यूरोच्या किंवा मेडिसिनच्या डॉक्टरांना कधी दाखवायचं. आणि मानेत ५० टक्क्यांहून जास्त अडथळा असूनही औषधांवर ठेवलं असेल, तर पुढचा डॉपलर कधी.

स्टेंट किंवा ऑपरेशन झालेल्यांचा पुढचा डॉपलर सहसा पहिल्या महिन्यात, मग सहा महिन्यांनी, नंतर वर्षाला होतो. स्टेंटमध्ये रक्ताचा वेग मुळातच थोडा जास्त भरतो, त्यामुळे वर दिलेले आकडे तिथे लागू होत नाहीत. स्टेंट कोणत्या तारखेला, कोणत्या बाजूला बसवला ते तपासणाऱ्या डॉक्टरला टेबलावर झोपण्याआधी सांगा. शक्यतो त्याच सेंटरवर जा, आणि मागचा रिपोर्ट सोबत आणा. आज १८० आला, हा आकडा एकटा मला फार काही सांगत नाही. मागच्या खेपेला ११० होता हे कळलं, तर मी त्याच दिवशी तुमच्या डॉक्टरांना फोन लावते.